संघ हरला की आधी कोच बदलायचा?



नववीला वैचारिक निबंध शिकवायचा म्हटलं की आपल्या सगळ्यांची अडचण एकच असते. 'मोबाईल : शाप की वरदान', 'पाणी हेच जीवन' असे विषय दिले की मुलं गाइडमधून उतरवून काढतात. चाळीस वह्या तपासा, चाळीस वेळा तेच वाक्य. निबंध वैचारिक असतो, पण त्यात विचारच नसतो.

म्हणून २०२५ च्या जानेवारीत मी वर्गाला असा विषय दिला, ज्याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं आणि ज्यावर गावातला प्रत्येक जण हिरिरीने बोलत होता : 'संघ सारखा हरत असेल, तर प्रशिक्षक बदलावा का?' तो तास आणि त्यानंतरची पालकसभा आज तुमच्यापुढे मांडते. हा प्रश्न फक्त खेळाचा नाही. दहावीचा निकाल लागला की तोच प्रश्न आपल्याला, शिक्षकांनाही विचारला जातो. खरं ना?

विषय कुठून आला?

आमचं वढू बुद्रुक तुम्हाला माहीत असेलच. शिरूर तालुक्यात, कोरेगाव भीमापासून थोडं आत. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथे आहे आणि फाल्गुन अमावास्येला इथे सगळ्या महाराष्ट्रातून माणसं येतात. एरवी गाव उसाचं, कांद्याचं आणि सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांचं. आणि कबड्डीचं. क्रिकेट आहेच, पण कबड्डीला बॅट लागत नाही, पॅड लागत नाही. चुन्याने रेषा आखल्या की मैदान तयार.

शाळेच्या संघाचा सराव गावातलाच एक माजी खेळाडू घेतो. मुलं त्याला 'दादा' म्हणतात, मीही दादाच म्हणते. दिवसा कंपनीत काम, संध्याकाळी मैदानावर. मानधन नावापुरतं. सलग तीन वर्षं आमचा संघ तालुका स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाद झाला. तिसऱ्या वर्षी तर दोन लोण बसले. ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सातही गडी बाद झाले की लोण, आणि समोरच्याला दोन गुण जास्तीचे. मुलं टेम्पोतून परत आली तेव्हा एकही आवाज नव्हता.

नेमकी त्याच हंगामात पुणेरी पलटणही हरत होती. आदल्या वर्षीचा विजेता संघ, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्या सहांतसुद्धा नाही. मग काय, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, दूध डेअरीच्या रांगेत दोन कोचचा हिशेब एकदमच सुरू झाला. "पलटणचा कोच बदलला पाहिजे" इथून सुरुवात व्हायची आणि "आपल्या पोरांचा पण बदला" इथे शेवट. एक पालक मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, तीन वर्सं झाली. मोटारीचं इंजिन चालंना तर आपण ड्रायव्हर बदलतो का न्हाई?" मी म्हटलं, "आप्पा, इंजिन चालेना तर ड्रायव्हर कशाला बदलायचा?" ते हसले, पण पालकसभेत विषय घेणार म्हणून सांगून गेले.

पालकसभेला दहा दिवस होते. मी ठरवलं, मोठ्यांच्या आधी मुलांना विचार करू दे.

आधी माहिती, मग मत

वर्गात मी एकच नियम केला. पहिली पंधरा मिनिटं कुणीही मत सांगायचं नाही, फक्त माहिती सांगायची. 'मला वाटतं' हे शब्द बंद. सुरुवातीला मुलं गप्पच बसली. मत नसलेलं वाक्य बोलायची आपल्याला सवयच नाही, मोठ्यांनाही नाही. मग पलटणचा इतिहास फळ्यावर उतरू लागला. प्रो कबड्डीवेडी पोरं आहेत, मला फार थोडं सांगावं लागलं.

२०१४ चा पहिला हंगाम, आठ संघ, पलटण आठवी. २०१५, पुन्हा आठवी. २०१९ मध्ये कोच म्हणून अनुप कुमार आले. २०१६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार, याहून मोठं नाव कुठलं आणणार? त्या वर्षी बारा संघांत पलटण दहावी. त्यांनाच पुन्हा ठेवलं, पुढच्या हंगामात संघ प्लेऑफपर्यंत गेला. मग बी. सी. रमेश आले. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात आणि पलटण पहिल्यांदा विजेती. पुढच्याच हंगामात, रमेश यांच्याच हाताखाली, आठवी.

फळा भरला. मग मी विचारलं, "आता सांगा, यातून काय दिसतं?"

एक मुलगा म्हणाला, "मोठा खेळाडू म्हणजे लगेच मोठा कोच नसतो." दुसरा म्हणाला, "पण मॅडम, रमेश सरांचं डोकं एका वर्षात कमी झालं का? कोच तोच होता." तिसऱ्याने आठवण करून दिली की त्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार जखमी होऊन बाहेर बसला होता. अस्लम शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, त्यामुळे आमच्या पोरांना त्याचा गुडघा स्वतःच्या गुडघ्यापेक्षा जास्त माहीत!

मी त्यात एकच गोष्ट घातली. २०२४ ला करंडक उचलणारे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघेही पलटणकडून पहिल्यांदा खेळले ते अनुप कुमार कोच असताना. म्हणजे पेरणी एकाच्या काळात झाली, मळणी दुसऱ्याच्या. शेतकऱ्यांची पोरं आहेत, पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे ऊस लावला एकानं अन् पट्टी काढली दुसऱ्यानं!"

दोन मराठी माणसांची गोष्ट

दुसऱ्या तासाला मी क्रिकेटमधली उदाहरणं सांगितली, कारण फक्त 'कोच बदलू नका' हेच मुलांच्या डोक्यात बसायला नको होतं.

पहिलं उदाहरण चंद्रकांत पंडित यांचं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ ची रणजी स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला, पण गुजरातकडून हरला. त्यानंतर मुंबईने कोच बदलला. पंडित विदर्भाकडे गेले. तोवर विदर्भाने रणजी करंडक एकदाही जिंकला नव्हता. त्यांनी २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा जिंकला. इकडे मुंबई २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये बाद फेरीतसुद्धा पोचली नाही. २०२२ च्या जून महिन्यात पंडित मध्य प्रदेशचा संघ घेऊन अंतिम फेरीत आले. समोर कोण? मुंबई. जिंकलं कोण? मध्य प्रदेश.

वर्ग खूश झाला. "बघा, कोच बदलायला नकोच होता!" मी म्हटलं, थांबा. त्या सामन्यात मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार. त्यांच्याच काळात २०२२ मध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. पण पुढच्या रणजीत संघ बाद फेरीपर्यंत गेला नाही. २०२३ मध्ये कोच बदलला, ओंकार साळवी आले आणि मार्च २०२४ मध्ये मुंबईने आपला ४२ वा रणजी करंडक जिंकला. आता बोला. इथे तर बदल लागू पडला!

वर्ग गोंधळला. मला तेच हवं होतं. एकाच संघाने दोनदा कोच बदलला. एकदा पडझड झाली, एकदा करंडक आला. म्हणजे 'बदला' किंवा 'बदलू नका' हे उत्तर असूच शकत नाही. त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे : नेमकं कुठलं काम होत नाहीये, आणि ते काम कुणाचं आहे?

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही, हेही मी मुलांना सांगितलं. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉल संघांचं वेड आपल्या आयपीएलसारखं आहे. तिथलं फुटबॉल वेगळं, चेंडू हातात घेऊन पळायचं. तिथे अनेक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त पगार कॉलेजच्या कोचचा असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला करार संपायच्या आधीच काढलं, तेव्हा त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागत होतं. काम करू नका म्हणून एवढे पैसे! मुलं अवाक झाली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या दादाला तर काढायला काहीच लागणार नाही." वर्ग हसला आणि मग एकदम शांत झाला. फुकट काम करणाऱ्या माणसाला काढणं सगळ्यात सोपं असतं, हे तिच्या त्या वाक्यात सगळ्यांना ऐकू आलं.

हजेरीची वही

निबंध लिहायला तीन दिवस दिले. अट एकच, आपल्या शाळेच्या संघाबद्दल किमान तीन गोष्टी पुराव्यासह लिहायच्या.

मुलींच्या संघातली एक मुलगी सरावाची हजेरी ठेवायची, दादानेच तिला ते काम दिलं होतं. तिने ती वही निबंधाला जोडली. ऑगस्ट महिन्यात बावीस दिवस सराव झाला. बाराच्या बारा मुलं आली ते फक्त तीन दिवस. एरवी पाच, सहा, कधी चार. तिने लिहिलं होतं, "कबड्डी सात जणांची आहे. पाच जणांत साखळी पकड कशी शिकवणार?" पोरं का येत नव्हती तेही तिने शोधलं होतं. चौघांची शिकवणी सहा वाजता, दोघं उसाला पाणी द्यायला, एक जण घरी लहान भावाला सांभाळायला, कारण आई दुसऱ्या शिफ्टला.

पण सगळे निबंध दादाच्या बाजूचे नव्हते, आणि तेही मला तितकेच महत्त्वाचे वाटले. संघातल्याच एका मुलाने लिहिलं, "दादा चुकलं की ओरडतो, पण काय चुकलं ते सांगत नाही." दुसऱ्याने लिहिलं की सराव म्हणजे रोज चढाईच. पकडीचा सराव आठवड्यातून एकदा झाला तर झाला. डावा कोपरा कुणी सांभाळायचा हे स्पर्धेच्या दिवशी सकाळी ठरलं. आठवीतल्या एका मुलाची तक्रार होती (त्याची बहीण माझ्या वर्गात, तिने ती लिहून आणली) की त्याला वर्षभर फक्त पाण्याच्या बाटल्या भरायला ठेवलं.

बघा, टपरीवर तीन महिने बोलणं चाललं होतं, त्यात यातली एकही गोष्ट आली नव्हती. तिथे फक्त 'बदला' आणि 'राहू द्या' असे दोन पक्ष होते. मुलांच्या वह्यांत मात्र दुखणं कुठे आहे ते लिहिलेलं होतं.

पालकसभा

मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी त्या वह्यांतले मुद्दे नावं न सांगता सभेत वाचले. हजेरीचा आकडा वाचला तेव्हा कुजबुज झाली. एक आई उठून म्हणाल्या, "आम्हीच सहाची शिकवणी लावली. पोरगा सांगायचा, सराव बुडतो म्हणून. पण आम्ही म्हटलं, कबड्डीनं काय पोट भरतंय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. आपण सगळेच असा हिशेब करतो. फक्त मग संघ हरल्यावर तो हिशेब विसरायचा नसतो.

मग दादाच्या चुका वाचल्या. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, चिडेल, निघून जाईल. तो पुढे आला आणि म्हणाला, "ओरडतो हे खरंय. मॅडम, मी खेळलो, एवढंच. शिकवायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही. मला जसं वरडून शिकवलं, तसं मी वरडतो."

सभागृहात बसलेल्या आम्हा शिक्षकांपैकी प्रत्येकाने निदान डी.एड. किंवा बी.एड. केलेलं. पाठ कसा घ्यायचा, मूल चुकलं तर काय करायचं, हे आम्ही शिकून आलो. त्याच्याकडून मात्र आम्ही सगळं आपोआप यावं अशी अपेक्षा ठेवली होती.

ठरलं ते असं. पुढच्या तालुका स्पर्धेपर्यंत दादाच राहील. शारीरिक शिक्षणाचे सर आठवड्यातून दोन दिवस त्याच्याबरोबर मैदानावर थांबतील. गावातलाच एक जुना कोपरारक्षक, आता पन्नाशीचा, शनिवारी पकड शिकवेल. हजेरी रोज शाळेच्या फळ्यावर लागेल. सराव साडेपाचला सुरू होईल आणि शिकवणीवाल्या सरांना विनंती करून वेळ सातची करून घ्यायची. आणि शिव्या, मारहाण, पाणक्याचं काम हे बंद. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी नवीन माणूस पाहायचा, हेही तिथेच स्पष्ट बोललं गेलं. दादानेही ते मान्य केलं.

आप्पांना काही हे पटलं नाही. त्यांनी आपल्या मुलाला पुण्याजवळच्या एका अकादमीत घातलं. मला त्यात गैर वाटत नाही. पोरगा चांगला खेळतो, त्याचं वय वाट पाहत बसणार नाही. पालक म्हणून त्यांचा निर्णय त्यांचा. शाळेला मात्र एका मुलापुरता निर्णय घेता येत नाही. बाटल्या भरणारा आठवीतला मुलगाही शाळेचाच असतो.

पुढे काय झालं?

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की आमचा संघ जिल्ह्याला गेला. नाही गेला. २०२५ च्या तालुका स्पर्धेत पहिला सामना जिंकलो, दुसरा चार गुणांनी हरलो. एकही लोण बसला नाही. तो बाटल्यावाला मुलगा, आता नववीत, उजव्या कोपऱ्यात खेळला आणि त्याने तीन पकडी केल्या. टपरीवर दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणीतरी म्हणालंच, "माणूस बदला." यावेळी मात्र समोरून एकाने विचारलं, "का? काय कमी पडलं, सांग की." मला वाटतं, आमची एवढी कमाई पुष्कळ आहे.

पलटणने कोच बदलला. अजय ठाकूर आले आणि संघ थेट अंतिम फेरीत गेला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीकडून २८-३१ असा हरला. आणि अमोल मुझुमदार? मुंबईने ज्यांच्या जागी दुसरा माणूस आणला, ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय महिला संघाचे कोच झाले. ज्या माणसाने प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही, तो माणूस. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच बाद झाला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडविरुद्ध लागोपाठ तीन सामने हरले. टीका झाली. पण स्पर्धेच्या मध्यावर कुणी माणूस बदलला नाही. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत त्याच ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा मुलींनी पार केल्या आणि २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.

एकीकडे बदल केला आणि फायदा झाला, दुसरीकडे बदल केला नाही आणि फायदा झाला. दोन्ही गोष्टी दोन दिवसांच्या अंतराने आमच्या मुलांनी पाहिल्या. त्यामुळे 'बदला की राहू द्या' यावर वाद घालायचा मोह त्यांना आता जरा कमी होतो.

तुमच्या वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर

विषय खेळाचाच हवा असं नाही. गावातली बंद पडलेली वाचनालयाची योजना, शाळेचं पिण्याचं पाणी, काहीही चालेल. आधी पंधरा मिनिटं फक्त माहिती. मग उलटसुलट दोन खरी उदाहरणं, म्हणजे मुलं एकाच बाजूला कलणार नाहीत. मग तीन प्रश्न फळ्यावर लिहा :

१. नेमकं कोणतं काम होत नाहीये?
२. त्या माणसाला ते काम करायला वेळ, माणसं आणि शिक्षण दिलं होतं का?
३. उद्या नवीन माणूस आला, तर यातलं काय आपोआप बदलेल आणि काय तसंच राहील?

तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. आमच्या वर्गात त्याचं उत्तर लिहिताना बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली : नवीन कोच आला तरी सहाची शिकवणी तशीच राहील.

आणि पालकहो, तुम्हाला एक विनंती. निकालाच्या दिवशी शाळेत जरूर या, जाब विचारा, तो तुमचा हक्क आहे. शिक्षक कमी पडत असेल तर तेही स्पष्ट सांगा, आम्हाला त्याची गरज असते. फक्त येताना हजेरीची वही बघून या. आमचीही, आणि आपल्या लेकराचीही.